तिसरी प्रत

तपकीर गल्लीत तपकीर मिळत नाही आता,
शिंका मात्र येतात, पुठ्ठ्यांच्या धुळीने.
दोरी धरून जिना चढायचा. वर सादिक बसतो
कपाळाला दिवा बांधून,
विहिरीत उतरायला निघाल्यासारखा.

त्याने आमची हार्ड डिस्क कानाला लावली.
मग माझ्या.
टक्. टक्. थांबते. पुन्हा टक्.
"वाचत नाहीये ताई. नुसतं दार वाजवतेय."

अकरा वर्षांचं दुकान आहे आत, मी म्हटलं.
बटणं, हुक, लेस, सत्तावीस टेलरांची उधारी.
"मुंबईला काढून देतात. अठ्ठावीस हजार.
निघेलच असं नाही.
नुसतं बघायचे तीन."
बघायचे तीन हजार!
आमच्यात मुलगी बघणंसुद्धा पोह्यांवर भागतं.

मग त्याने काचेवर मांडल्या:
ही फिरणारी. स्वस्त, पोटात जागा भरपूर, पडली की गेली.
ही न फिरणारी. बिस्किटाएवढी, चपळ,
जाताना आवाज करत नाही.
"म्हणजे कळणारच नाही?"
"नाही. सकाळी चालू करायचं, आणि नसते."
मला का कोण जाणे
वाजणारीच जवळची वाटली.

प्रिंटर: शाईचा खर्च नाही,
पण बिल उन्हात ठेवलं तर सहा महिन्यांत कोरं.
(आमचे अर्धे टेलर उन्हातच ठेवतील.)
दोन इंची घ्यायचा की तीन इंची?
तीनला अकराशे जास्त. दोन.
गल्ला: बिल झाल्याशिवाय उघडत नाही.
मग रिक्षावाल्याला सुट्टे कुठून द्यायचे, हे
त्याच्या माहितीपत्रकात नव्हतं.
स्कॅनर: पिस्तुलासारखा.
मी पर्समधून एक शिंपल्याचं बटण काढलं,
आठ मिलिमीटर, चार भोकं.
"ह्याच्यावर चिकटव बारकोड."

सादिकने ते दिव्याखाली फिरवलं, बराच वेळ.
"बरणीला चिकटवू. पण नाव काय ह्याचं?
नाव तर टाकावं लागेल."

नावं रत्नपारखींनी ठेवली होती.
एकतीस वर्षं आमच्या काउंटरवर उभे,
आता बारामतीला, मुलाकडे, बसून.
फोन लावला. कोटेशन उलटं केलं, पेन्सिल घेतली.
"कुठून सुरू करू?" एवढंच विचारलं त्यांनी.

एकशे चौदा, परीचा डोळा.
एकशे पंधरा, म्हातारीचा दात, शर्टाला.
एकशे सोळा बंद केलं, धुण्यात पिवळं पडायचं.
दोनशे दोन, हवालदार.
दोनशे तीन, हवालदाराची बायको, तेच, पण चकचकीत.
दर जुने सांगतोय हं, तुम्ही वाढवले असतील.
भालेराव टेलर, चौदाशे साठ.
त्यांच्याकडे मागू नका, पोरगा ॲडमिट आहे.

"आहे?"
"होता. सतरा साली."
मग जरा वेळ पलीकडे फक्त
कुकरची शिट्टी.

हे डिस्कमध्ये कधीच नव्हतं.
कुठल्या रकान्यात टाकलं असतं?

शेवटी एक चपळ घेतली, रोजची,
आणि एक फिरणारी, रात्री नक्कल उतरवायला.
सादिक म्हणाला, नियम असा आहे ताई,
तीन प्रती ठेवा, त्यातली एक गावाबाहेर.
आहे, मी म्हटलं.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, साखर वाढलेली,
वॉरंटी केव्हाच संपलेली.

सोमवारी रविवार पेठेत पहिलं बिल निघालं, गरम.
दोन इंचात नाव मावलं नाही.
"परीचा डो," गिऱ्हाईक मोठ्याने वाचून म्हणाली,
"हे काय घेतलं मी?"

मी कानामागचं पेन काढलं
आणि बिलावर
'ळा' लिहून दिला.